माणसाचं चित्र काढून घेताना: कागद समोर ठेवण्यापासून अहवाल लिहीपर्यंत

महिन्यातून दोन-तीनदा तरी कोणी ना कोणी माझ्या फोनवर एखाद्या मुलाचं चित्र पाठवतं. खाली प्रश्न असतो: ‘मॅडम, माणसाला हात काढलेले नाहीत. घरी मारहाण होत असेल का?’ चित्र वहीच्या रेघांच्या पानावर, फोटो तिरपा. मुलाचं वय लिहिलेलं नसतं. चित्र काढायला नेमकं काय सांगितलं, मूल कुठं बसलं होतं, शेजारी कोण होतं, चित्र झाल्यावर कोणी चार शब्द विचारले का, यातलं काही नसतं. अशा चित्रावरून कोणालाच काही सांगता येत नाही. तरीही सांगितलं जातं, पालकांना बोलावलं जातं, आणि त्या घरात पुढं काय होतं ते चित्र वाचणाऱ्याला कधी कळत नाही.

धुळे, जळगाव आणि नंदुरबारमधल्या मुलांसोबत काम करताना ज्या चुका मी पुन्हा पुन्हा पाहिल्या, त्यातल्या काही स्वतःही केल्या, त्या टाळायच्या कशा हे इथं क्रमानं मांडते. लेख मानसशास्त्राचे विद्यार्थी, शाळेतले समुपदेशक आणि विशेष शिक्षक यांच्यासाठी आहे. वर्गशिक्षकांनीही वाचावा, पण त्यांना विनंती एकच: चित्र जरूर काढून घ्या, अर्थ लावू नका.

टप्पा १ : चित्र कशासाठी हवं ते आधी लिहा

एकाच चित्रावर दोन अगदी वेगळी कामं केली जातात. सगळा घोळ तिथून सुरू होतो.

पहिलं काम मुलाच्या वाढीचा अंदाज घेण्याचं. फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी १९२६ मध्ये मांडलेल्या चाचणीत ५१ मुद्दे आहेत: डोकं आहे का, पाय आहेत का, हात योग्य जागी जोडलेत का, बोटं पाच आहेत का, असे. मुद्दा असला तर एक गुण, नसला तर शून्य. तीन वर्षांच्या पायावर दर ४ गुणांना एक वर्ष धरायचं. २० गुण मिळाले तर अंदाज ८ वर्षांचा. भारतीय मुलांसाठी प्रमिला फाटक यांनी बडोद्यात या चाचणीचं रूपांतर केलं. इथं चित्रातला माणूस रडतोय की हसतोय याच्याशी काही देणंघेणं नसतं.

दुसरं काम प्रक्षेपणाचं. कॅरन मॅकओव्हर यांनी १९४९ मध्ये मांडलेली कल्पना अशी की कोऱ्या कागदावर माणूस काढताना काढणारा नकळत स्वतःलाच त्यात उतरवतो. त्यावरून डोळे मोठे म्हणजे संशयी, गुंड्या म्हणजे आईवर अवलंबून, अशा अर्थांच्या याद्या तयार झाल्या. १९५७ साली क्लिफर्ड स्वेन्सन यांनी तोवरचे अभ्यास तपासले तेव्हा यातल्या बहुतेक गृहीतकांना आधार सापडला नाही. याद्या मात्र अजून झेरॉक्स होऊन फिरताहेत.

म्हणून काम सुरू करण्याआधी कागदाच्या चिठ्ठीवर एक प्रश्न लिहा. ‘व्यक्तिमत्त्व पाहणे’ हा प्रश्न नव्हे. ‘ही मुलगी दिवाळीनंतर वर्गात बोलायची का थांबली?’ हा प्रश्न आहे. चित्र त्या प्रश्नापर्यंत जायला उपयोगी पडेल असं वाटत असेल तरच पुढं जा.

*सावधान:* प्रक्षेपी वाचन करून निदानाचा अहवाल देणं हे भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञाचं काम आहे. समुपदेशकानं चित्राचा वापर बोलण्याची सुरुवात म्हणून करावा. बौद्धिक अपंगत्वाच्या दाखल्यासाठी तर चित्र कधीच पुरेसं नाही; तिथं प्रमाणित बुद्धिमापन चाचणी आणि सामाजिक परिपक्वतेची मोजणी दोन्ही लागतात.

टप्पा २ : मुलाबद्दल आधी काय माहीत हवं

सगळ्यात आधी वय, आणि ते वर्ष-महिन्यांत. सहा वर्षांच्या मुलानं मान काढली नाही तर काही बिघडलेलं नाही. अकरा वर्षांच्या मुलानं काढली नाही तर नोंद घ्यावी लागते. वय चुकलं की पुढचं सगळं चुकतं.

आपल्याकडं यात एक खास अडचण आहे. शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर उघडलं की अनेक मुलांची जन्मतारीख १ जून दिसते. ती शाळेत नाव घालताना सोयीनं लिहिलेली असते. खरं वय त्याहून वर्षभरानं कमी किंवा जास्त असू शकतं. जन्माचा दाखला मागा. नसेल तर आईला किंवा आजीला सणांवरून विचारा: पोर आखाजीच्या आधी झालं की नंतर? कानबाई बसली तेव्हा पोटात होतं की मांडीवर? मोठ्या भावंडाच्या शाळेच्या वर्षाशी मेळ घाला. मग ‘अंदाजे वय’ असं स्पष्ट लिहून ठेवा.

वयानंतर हे विचारून घ्या: नजर कशी आहे, मूल डावखुरं आहे का, हाताला कधी फ्रॅक्चर झालं होतं का, घरी पेन्सिल-कागद असतो का, शाळा सलग झाली की आईबापांसोबत ऊसतोडीला किंवा गुजरातेत मजुरीला जाण्यात वर्षं तुटली. सातपुड्याच्या पाड्यावरचं जे मूल सातव्या वर्षी पहिल्यांदा पेन्सिल धरतं, त्याचं चित्र आणि जळगाव शहरात बालवाडीपासून रंगकाम केलेल्या मुलाचं चित्र एका मापानं मोजू नका. चित्राची सफाई ही मुख्यतः सरावाची गोष्ट आहे.

चित्रकलेच्या शिक्षकांनाही भेटा. बऱ्याच वर्गांत फळ्यावर एक ठरलेला माणूस शिकवलेला असतो: अंड्यासारखं डोकं, त्रिकोणी धड, आकड्यांपासून तयार केलेला चेहरा. सगळा वर्ग तोच काढतो. तो माणूस मुलाचा नसतो, फळ्याचा असतो.

टप्पा ३ : कागद, पेन्सिल, जागा, वेळ

- कोरा पांढरा कागद, ए-फोर आकाराचा. रेघांचा, चौकटीचा किंवा मागून छापलेला चालणार नाही. कागद उभा ठेवून द्यायचा. मुलानं आडवा केला तर करू द्या आणि नोंद करा.
- दोन एचबी पेन्सिली, टोक केलेल्या. एक मोडली तर शार्पनर शोधण्यात मुलाचं मन भरकटतं.
- खोडरबर समोर ठेवा. काय खोडलं आणि किती वेळा, हे पाहण्याचं असतं.
- पट्टी, कंपास, रंग समोर नकोत.
- कागदाखाली गुळगुळीत, सपाट आधार. शहाबादी फरशीवर कागद ठेवून काढलेल्या चित्रात रेघा थरथरतात आणि ती थरथर ‘चिंता’ म्हणून अहवालात गेलेली मी पाहिली आहे.

टेबल मुलाच्या उंचीचं हवं. बाकावर तिरकं बसून काढलेलं चित्र तिरकंच येतं. भिंतीवरचे अवयवांचे तक्ते, नेत्यांचे फोटो, बालचित्रं काढून ठेवा किंवा मुलाची पाठ तिकडं करा. मूल वर बघून उतरवतं, त्याचा दोष नाही.

वेळ सकाळची ठेवा. एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगावकडं दुपारी घामेजलेल्या तळहातानं कागद ओला होतो, शिसं फासतं आणि चित्रभर काळपटपणा पसरतो. त्याला ‘छायांकन’, म्हणजे मुलानं मुद्दाम काळं भरणं, म्हणायचं नाही. खेळाच्या तासातून ओढून आणलेलं, उपाशी, किंवा घरी जायची गाडी चुकेल म्हणून घाबरलेलं मूल असेल तर त्या दिवशी चाचणी घेऊ नका.

*तपासा:* खोलीत तुम्ही आणि मूल दोघंच आहात ना? पूर्ण वर्गाला एकदम काढायला बसवलं तर शेजारच्याचं पाहून काढलेली दहा चित्रं मिळतात.

टप्पा ४ : सूचना, शब्द न शब्द

या टप्प्यावर मराठीची स्वतःची एक अडचण उभी राहते. मूळ सूचना ज्या भाषेत तयार झाली तिथं ‘व्यक्ती’साठीचा रोजचा शब्द स्त्री-पुरुष दोघांनाही लागतो. आपल्याकडं ‘माणूस’ म्हटलं की मुलाच्या डोळ्यांसमोर पुरुष येतो. ‘बाई आणि माणूस’ असंच आपण बोलतो. मग ‘एक माणूस काढ’ असं सांगून मुलीनं पुरुष काढला, की जुन्या पद्धतीनं वाचणारा लिहितो: मुलीनं प्रथम विरुद्धलिंगी आकृती काढली, स्वतःच्या लिंगाशी तादात्म्य कमी. मुलीनं फक्त सांगितलेलं ऐकलेलं असतं.

‘व्यक्ती’ हा शब्द लहान मुलांना पुस्तकी वाटतो. मी वापरते ती सूचना अशी:

‘या कागदावर एक पूर्ण माणूस काढ. बाई, बुवा, मुलगा, मुलगी, कोणीही चालेल. डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण काढ. काड्यांचा माणूस नको, कार्टून नको. तुला जसं येतं तसं काढ, वेळेची घाई नाही.’

‘पूर्ण’ शब्द गाळू नका. नाहीतर अनेक मुलं नुसता चेहरा काढून कागद परत देतात. आणि जी सूचना वापरली ती अहवालात जशीच्या तशी लिहा.

मूल अहिराणी बोलत असेल तर अहिराणीत सांगा. रावेर-यावलकडं लेवा गणबोली, धडगाव-अक्कलकुव्याकडं पावरी किंवा भिली. स्वतःला येत नसेल तर दुभाष्या घ्या, पण त्याची आधी परीक्षा घ्या: त्यानं सूचना त्याच्या बोलीत सांगायची, आणि ती बोली जाणणाऱ्या दुसऱ्या माणसानं त्यातून काय कळलं ते मराठीत परत सांगायचं. हे केल्यावर कळतं की दुभाष्या मायेपोटी भर घालतो: ‘छान काढ बरं, मॅडमला दाखवायचंय. डोळे, नाक, सगळं काढजो.’ एवढ्यानं चाचणी गेली.

मुलाचे प्रश्न येतील. ‘टोपी काढू का?’ ‘पप्पा काढू?’ ‘शर्ट काढायचा का?’ सगळ्यांना एकच उत्तर: ‘तुला हवं तसं.’ ‘मला येत नाही’ म्हणालं तर: ‘चित्र सुंदर आहे की नाही हे मी बघत नाही, तुला जमेल तसं काढ.’ याहून जास्त धीर देऊ नका. मान हलवून ‘हं, छान’ म्हणणंसुद्धा नको. मूल लगेच जे केलं तेच अधिक करायला लागतं.

काही मुलं काढायला नकार देतात. जिवंत प्राण्या-माणसांची चित्रं काढू नयेत असं काही मुस्लिम घरांत शिकवलेलं असतं. असं मूल कागद तसाच ठेवतं किंवा चेहरा कोरा सोडतं. घरची शिकवण आधी विचारून घ्या आणि आग्रह न करता दुसऱ्या पद्धतीनं बोला. नकाराची नोंद ‘असहकार’ म्हणून कधीही करू नये.

टप्पा ५ : मूल काढत असताना तुम्ही काय करायचं

समोर नाही, थोडं बाजूला बसा. तुमच्या मांडीवर एक छोटा कागद. त्यावर मुलाच्या चित्राचं ढोबळ रूप उतरवत अवयवांना क्रमांक द्या: डोकं १, डोळे २, धड ३. बहुतेक मुलं डोक्यापासून सुरू करतात. एखाद्यानं पायांपासून सुरू केलं तर तेवढंच लिहा, अर्थ नको.

याखेरीज चार गोष्टी टिपायच्या: सुरू करायला किती वेळ लागला, एकूण किती वेळ लागला, काय खोडलं, आणि तोंडानं काय पुटपुटलं. पुटपुटणं सगळ्यात मोलाचं, कारण ते पुन्हा ऐकायला मिळत नाही. ‘आता याचे हात मागं’ असं मूल स्वतःशी म्हणालं आणि तुम्ही ऐकलं नाही, तर उरतं फक्त हात नसलेलं चित्र.

उमेदवारीच्या काळात माझ्याकडून हेच झालं. एका आठ वर्षांच्या मुलाच्या चित्रात हात नव्हते आणि मी लिहिलं, ‘अपराधभावाची शक्यता.’ दोन आठवड्यांनी त्याच्या शाळेत सकाळी गेले तर प्रार्थनेला सगळी मुलं हात पाठीमागं बांधून उभी होती. मुलानं शाळेतला मुलगा काढला होता, जसा रोज दिसतो तसा. तो अहवाल मी परत मागून बदलला. हात पाठीमागं किंवा खिशात असतील तर ‘हात नाहीत’ हा निर्देशक, म्हणजे भावनिक अडचणीची मानलेली खूण, मोजायचा नसतो, हा नियम तेव्हा मला पाठ होता. पण मुलाला विचारायचं मी विसरले होते.

टप्पा ६ : विचारपूस, आणि दुसरं चित्र

पहिलं चित्र झालं की कागद बाजूला घ्या, दुसरा कोरा कागद द्या. पहिल्यात पुरुष असेल तर ‘आता एक बाई किंवा मुलगी काढ’, बाई असेल तर उलट. एका कागदावर दोन्ही काढून घेऊ नका. जागा उरत नाही आणि दुसरी आकृती आपोआप लहान होते.

मग दोन्ही चित्रं समोर ठेवून बोला. प्रश्न उघडे हवेत:

हा कोण आहे? काय करतोय? किती वर्षांचा? याला काय आवडतं? कशाची भीती वाटते? रात्री कोणाजवळ झोपतो? याला काही बदलायचं असेल तर काय बदलेल?

अहिराणीत नुसतं ‘हाऊ कोन शे? काय करी ऱ्हायना?’ असं विचारलं की मराठीत गप्प बसलेलं पोर बोलायला लागतं, असं मी अनेकदा पाहिलं आहे. चित्रात न कळलेल्या प्रत्येक गोष्टीवर बोट ठेवून ‘हे काय आहे?’ एवढंच विचारा. ‘हे रक्त आहे का?’ ‘हा मारतोय का?’ असे प्रश्न विचारायचे नाहीत. मूल मोठ्यांच्या प्रश्नातलं उत्तर उचलतं.

उत्तरं मुलाच्या शब्दांत, मुलाच्या बोलीत लिहा. चित्राच्या मागं तारीख, वय, कोणत्या हातानं काढलं, सूचनेची भाषा आणि मुलाचा सांकेतिक क्रमांक लिहा. नाव नको.

*तपासा:* विचारपूस चित्रानंतर लगेच झाली का? दुसऱ्या दिवशी विचारलं तर मूल तेव्हा सुचेल ते सांगतं.

टप्पा ७ : वाचन, याच क्रमानं

बहुतेक लोक इथून सुरुवात करतात. आधीचे सहा टप्पे झाले नसतील तर इथं थांबा.

*पहिल्यांदा वय.* तीन-चार वर्षांची मुलं डोक्यालाच थेट हातपाय जोडतात, बेडकाच्या पिल्लासारखा माणूस. त्यात धड नसणं हा दोष नाही. लहान मुलं कपड्याच्या आतून पोट, पोटातून पाय दाखवतात. वाढीच्या वाटेवर हे सगळ्यांच्याच चित्रांत येतं.

*मग सराव.* टप्पा २ मधली नोंद समोर ठेवा.

*मग पूर्ण चित्र.* खुणा शोधण्याआधी हातभर लांब धरून एकदा पाहा. आकृती एकसंध आहे का, अवयव सुटे पडलेत का. एकेका खुणेपेक्षा चित्राबद्दलचं एकूण मत पुन्हा घेतलेल्या चित्रात अधिक टिकतं.

*आता निर्देशक.* मी एलिझाबेथ कॉपिट्झ यांची १९६८ ची यादी वापरते. ५ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी तिच्यात ३० निर्देशक आहेत आणि मोजण्याचे नियम स्पष्ट आहेत. ‘आकृती लहान’ म्हणजे २ इंच, म्हणजे साधारण ५ सेंटिमीटर किंवा त्याहून कमी. ‘मोठी’ म्हणजे ९ इंच, साधारण २३ सेंटिमीटर किंवा जास्त. ‘तिरकी’ म्हणजे १५ अंश किंवा जास्त कललेली. पट्टी आणि कोनमापक घेऊन मोजा, नजरेनं ठरवू नका. काही निर्देशक ठरावीक वयानंतरच धरायचे: मान नसणं मुलींत ९ आणि मुलांत १० वर्षांनंतर, पावलं नसणं मुलींत ७ आणि मुलांत ९ नंतर. एक निर्देशक सापडला तर त्याचा अर्थ लावायचा नाही, हे खुद्द कॉपिट्झ यांनीच सांगितलं आहे. दोन किंवा अधिक असतील तर पुढं चौकशी करण्याजोगं काही असू शकतं, एवढंच.

*मग दुसरा रकाना.* माझ्या मते सगळ्या पद्धतीतली ही सगळ्यात उपयोगी पायरी आहे, आणि हीच गाळली जाते. प्रत्येक निर्देशकासमोर ‘याचं साधं कारण काय असू शकतं?’ असा रकाना आखा आणि तो रिकामा सोडू नका. आपल्या भागात मला भेटलेली काही साधी कारणं:

डोक्यावरून पदर घेतलेली बाई काढली की मान, कान आणि केस तिघंही झाकले जातात. शर्टाच्या गुंड्या म्हणजे शाळेचा गणवेश. होळीनंतरच्या दिवसांत अक्कलकुवा-धडगावकडच्या मुलाच्या चित्रात अंगभर ठिपके, डोक्यावर उंच टोप आणि कमरेला भोपळे किंवा घुंगरू दिसले तर तो होळीत नाचणारा बुध्या आहे. त्याला ‘अक्राळविक्राळ आकृती’ आणि ‘अंगावर छायांकन’ असे दोन निर्देशक लावणाऱ्यानं काठी या गावची होळी एकदा पाहावी. डोक्यावर केळीचा घड घेतलेल्या माणसाचे हात लांबच निघतात. आणि ‘कागदाची डावी बाजू म्हणजे भूतकाळ’ हा जो अर्थ सांगितला जातो तो डावीकडून उजवीकडं लिहिणाऱ्यांच्या जगातून आला आहे. उर्दू माध्यमाच्या शाळेतलं मूल उजवीकडून सुरू करतं.

रकाना का हवा, तर आपलं मन आपल्याला फसवतं म्हणून. १९६७ मध्ये लॉरेन आणि जीन चॅपमन यांनी विद्यार्थ्यांना माणसांची चित्रं दाखवली आणि प्रत्येक चित्रासोबत काढणाऱ्याची म्हणून काही लक्षणं दिली. चित्रं आणि लक्षणं यांचा मुळात संबंध नव्हता. जोड्या कशाही लावलेल्या होत्या. तरी विद्यार्थ्यांना ‘संशयी माणसं डोळे ठळक काढतात’ असे संबंध दिसले, आणि अनुभवी चिकित्सक जे मानत होते तेच हे संबंध होते. म्हणजे ‘माझ्या वीस वर्षांच्या अनुभवात हे खरं ठरलंय’ हा पुरावा होत नाही. मी स्वतःलाही हेच बजावत असते.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. ते शिकवण्यासाठी मी रचलेलं आहे. आश्रमशाळेतली मुलगी, ९ वर्षं २ महिने. चिठ्ठीवरचा प्रश्न टप्पा १ मधलाच: दिवाळीनंतर ती वर्गात बोलायची का थांबली? चित्र ४.५ सेंटिमीटर उंच, कागदाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात. हात दिसत नाहीत. कमरेखाली गडद काळं भरलेलं. घाईनं पाहिलं तर तीन निर्देशक: लहान आकृती, हात नाहीत, अंगावर छायांकन.

विचारपूस: ‘ही माझी आई. पाठीवर बाळ आहे, त्याला धरलंय.’ हात मागं, म्हणून हा निर्देशक गेला. ‘हे काळं काय?’ ‘लुगडं. आईचं काळंच आहे.’ कापडाचा रंग भरणं हे अंगावरचं छायांकन नव्हे, दुसरा गेला. उरली लहान आकृती. शिक्षिकेनं सांगितलं की एक वही वर्षभर पुरवायची म्हणून या मुली पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहितात. बारा दिवसांनी पुन्हा चित्र घेतलं, आधी दोन कागद रेघोट्या मारायला देऊन. आकृती ११ सेंटिमीटर आली. तिसराही गेला.

मग चित्राचा उपयोग काय झाला? मुलीनं आई काढली, आणि बोलता बोलता सांगितलं की आई दिवाळीनंतर ऊसतोडीला गेली ती आली नाही, बाळालाही घेऊन गेली, आणि रात्री झोप येत नाही. चिठ्ठीवरच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. ते छायांकनातून निघालं नाही, ‘हे काळं काय?’ या साध्या प्रश्नातून निघालं.

*शेवटी पडताळा.* निर्देशक उरलेच तर निदान तीन जागी पाहा: पालकांशी बोलणं, शिक्षकांची निरीक्षणं आणि हजेरी, आणि एखादी प्रमाणित वर्तनसूची. दहा-पंधरा दिवसांनी चित्र पुन्हा घ्या. पुन्हा न दिसणारी खूण सोडून द्या.

टप्पा ८ : अहवालातली वाक्यं

अहवालात चित्राला वेगळं मथळ्याचं पान देऊ नका. चित्र निरीक्षणांच्या भागात, दोन-तीन ओळींत यावं.

असं लिहू नका: ‘चित्रावरून मुलीत असुरक्षितता व दबलेला राग दिसतो.’

असं लिहा: ‘मुलीनं आईचं चित्र काढलं. त्याबद्दल बोलताना आई स्थलांतरित असल्याचं आणि झोप लागत नसल्याचं सांगितलं. झोपेबद्दल वसतिगृह अधीक्षिकांनीही दुजोरा दिला.’

पहिलं वाक्य खोडून काढता येत नाही आणि सिद्धही करता येत नाही. दुसऱ्यातला प्रत्येक शब्द कोणीही जाऊन तपासू शकतो, आणि पुढं काय करायचं हेही त्यातून दिसतं: आईशी फोनवर बोलणं करून द्यायचं, रात्री जवळ मोठी मुलगी झोपवायची.

पालकांना चित्र दाखवण्याची वेळ आली तर मुलाला विचारून दाखवा. ‘तुमच्या मुलानं तुम्हाला इतकं लहान काढलंय’ असं बोलून बाप दुखावून गेला की घरी त्या दुखण्याची किंमत मूल देतं.

चित्र काढताना मुलानं छळाबद्दल सांगितलं तर

चाचणी तिथंच थांबवा. शांतपणे ऐका, ‘आणखी काय झालं, कुठं झालं’ असं खणू नका, ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. मुलाचे शब्द जसेच्या तसे, वेळेसह लिहा. लैंगिक अत्याचाराची माहिती किंवा शंका असेल तर २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणं पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. मुख्याध्यापक ‘आधी आपसात बघू’ म्हणाले तरी. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८ आहे. मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेलिमानसचा क्रमांक १४४१६.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची: मूल काहीच बोललं नाही आणि तुम्हाला चित्रात गुप्तांगं, दात किंवा कापलेले हात दिसले, तर चित्र हा अत्याचाराचा पुरावा होत नाही. तसं पालकांना, पोलिसांना किंवा गावात बोलू नका. मुलाशी आणखी भेटी ठेवा, प्रशिक्षित व्यक्तीकडं पाठवा.

कागद कुठं ठेवायचे

मूळ चित्रं कुलपाच्या कपाटात, क्रमांकानं. नाव आणि क्रमांकाची यादी वेगळ्या जागी. चित्राचा फोटो शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकायचा नाही, नाव झाकूनसुद्धा नाही. छोट्या गावात हस्ताक्षर आणि लुगड्याच्या रंगावरूनही मूल ओळखू येतं. दुसऱ्या तज्ज्ञाचं मत हवं असेल तर पालकांची लेखी परवानगी घ्या, आणि चित्रासोबत वय, सूचनेचे शब्द, अवयवांचा क्रम आणि विचारपुशीची नोंद असे चारही कागद घेऊन प्रत्यक्ष भेटायला या.